एक्केचाळीस डिझाइनं आणि एक धुतलेली फ्रेम

मास्तर, परवाच्या शनिवारी नळाला पाणी पाचलाच आलं. मी पिंप भरलं, दोन हंडे भरले, मोरीतली बादली भरली आणि पाणी जायच्या आत कपडेही धुऊन टाकले. मग कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळून चार भाकरी केल्या, दोन पोरीच्या डब्यात, दोन घरात. ठेच्यासाठी शेंगदाणे भाजले, ओटा पुसला, फरशी पुसली. सगळ्यात शेवटी, रोज करते तसं, कॉम्प्युटरवरची चादर काढून तो कोरड्या फडक्यानं पुसला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे हे यंत्र तुम्ही पाहिलेलं नाही. टीव्हीसारखं तोंड, खाली पत्र्याचा खोका, पुढे टाइपरायटरसारखी बटणं. प्लेगच्या वर्षी सगळं सुरत गावी पळालं होतं ना, म्हणजे तुम्हाला तेही माहीत नाही, तर त्याच्या दुसऱ्या वर्षी पोरीनं तो जुनाच विकत घेतला. माझी पोरगी आता बावीस वर्षांची आहे. तुम्ही तिला आपल्या साडीछपाईच्या खात्यात ट्रेसिंगच्या टेबलाखाली फिल्मच्या कातरणांशी खेळताना पाहिलंय. ती आता त्या यंत्रावर साड्यांची डिझाइनं काढते. ब्रश नाही, शाई नाही. काचेवर काढते आणि ते आत साठून राहतं.

यंत्र घरी आलं त्या दिवशी मी काय केलं सांगू का? तुम्ही दिलेलं भिंग काढलं, आपण छपाईच्या फ्रेमवर ताणलेल्या जाळीचे धागे मोजायचो ते, आणि काचेला लावलं. पोरगी ओरडली, "आई, काय डॉक्टरसारखं करतेस?" पण मास्तर, आत सगळे ठिपके होते. तांबडा, हिरवा, निळा, एकाला एक चिकटून, ओळीनं. आपल्या जाळीसारखेच. मी म्हटलं, हे मला समजेल.

आणि खरंच थोडं थोडं समजलं. पोरगी संध्याकाळी क्लासहून आली की तिच्या मागे बसून मी बघत राहायचे. काळ्या पडद्यावर तीन-चार शब्द कसे टाइप करायचे, त्यानं आतल्या फाइलींची यादी कशी दिसते, एकीची नक्कल कशी करायची, नको असलेली कशी काढायची, हे मला येऊ लागलं. एका बोटानं, पण येऊ लागलं. मला वाचता कसं आलं ते तुम्हाला माहीत आहे. धुतलेल्या फ्रेमखाली आपण गुजराती पेपर अंथरायचो, त्यावरचे मोठे मथळे मी पाणी निथळेपर्यंत बघत बसायचे. म्हणजे आधी मला डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं आली आणि मग आपली रेघवाली. तुम्ही गेल्यानंतर मी मंडळाच्या वाचनालयातली तीन कपाटं वाचून काढली. एकेका पुस्तकाला महिना लागायचा. आता आठवडा लागतो. इंग्रजी तेवढं येत नाही, अक्षरं ओळखते.

तर त्या शनिवारी. आदल्या दिवशी पोरगी म्हणाली होती, "आई, जागाच उरली नाही गं ह्याच्यात. जुनं काहीतरी काढावं लागेल." सोमवारी अकरा वाजता तिला रिंग रोडच्या मार्केटात एका शेठकडे जायचं होतं. सात महिने खपून तिनं एक्केचाळीस डिझाइनं केली होती. ती शेठला पसंत पडली तर तो तिला घरी बसून काम देणार होता. माझे मोठे दीर दर दिवाळीला म्हणायचे, "हे खेळणं विका आणि पोरीचं उरकून टाका." ह्या दिवाळीला पोरीनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "काका, होळीपर्यंत थांबा. काम नाही मिळालं तर तुम्ही म्हणाल तिथे उभी राहते." म्हणजे त्या एक्केचाळीस डिझाइनांवर काय टांगलेलं होतं ते बघा. शनिवारी सकाळी ती डबा घेऊन क्लासला गेली, आणि येताना फ्लॉपीचा डबा आणणार होती. फ्लॉपी म्हणजे हाताच्या पंजाएवढी चपटी वस्तू, तिच्यावर नक्कल घेता येते. रविवारी दोघी मिळून सगळं तिच्यावर उतरवणार होतो.

मी भाकरी झाकल्या आणि यंत्र चालू केलं. मनात आलं, पोर येईपर्यंत जागा करून ठेवावी. यादी काढली. एका खणात एक्केचाळीस फाइली होत्या. त्या सगळ्यांचे कागद छापून झालेले होते, मीच भिंतीवर दोरीला चिमट्यांनी लावले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फाइलीचं नावही घातलं होतं, आपण फ्रेमच्या कडेला नंबर घालायचो तसं. आता मास्तर, तुम्हीच सांगा. अठरा वर्षं आपल्याकडे काय शिकले? छापून झालं, पास झालं, की फ्रेम धुवायची. धुतल्याशिवाय दुसऱ्या डिझाइनला फ्रेम कुठून येणार? ती फ्रेम तशीच भिंतीला टेकवून ठेवली तर तुम्ही केवढं ओरडायचा. मला वाटलं, कागद हाच शेवट, आतलं ते नुसतं फ्रेमसारखं. मी सगळ्यांना एकदम काढायचा शब्द टाइप केला. यंत्रानं विचारलं, नक्की का? मी होचं बटण दाबलं. क्षणात झालं. यादी रिकामी. केवढी जागा झाली म्हणून मला इतका आनंद झाला की मी खणाबाहेर एक नवी फाइल उघडून इंग्रजी अक्षरांत चार शब्द लिहून ठेवले, 'आई ने जागा केली'. पोरगी आली की तिला दिसावं म्हणून.

ती दुपारी एकला आली. फ्लॉपीचा डबा टेबलावर ठेवला, चप्पल काढता काढताच यंत्र चालू केलं. मी भाकर वाढत होते. तिनं तीच बटणं दोन-तीनदा दाबली. मग ती म्हणाली, "आई, माझी डिझाइनं?" मी म्हटलं, "ती बघ की, दोरीला." ती म्हणाली, "ती नाही. आतली." तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं. त्या कागदांचा शेठला काही उपयोग नव्हता. ते काळ्या रेघांचे नुसते नमुने होते. रंग, एकेका रंगाचा वेगळा थर, सगळं आत होतं. पोरगी म्हणाली, "सकाळी लाइट गेली होती का?" आणि मास्तर, मी म्हटलं, "माहीत नाही."

हे मी लिहिलं कारण तुम्हाला सांगायचं तर खरं सांगायला हवं. पोरगी जेवली नाही. कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन तिनं कॉम्प्युटरवाल्या भाईला फोन केला, ज्यानं हे यंत्र विकलं होतं त्याला. मी तीन तास तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले. सांगावं असं दहा वेळा ओठांवर आलं. दहा वेळा वाटलं, लाइटच गेली असेल.

भाई पाचला आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, खिशात चार पेनं. बटणं दाबली, मान हलवली आणि म्हणाला, "मासी, आ तो वायरस छे." हा एक रोग असतो, म्हणे, यंत्राला होणारा, तोच फाइली खातो. पोरगी खाली बसली. भाई म्हणाला, "टेन्शन नई लेवानुं, बेन. बधुं साफ करीने नवुं नाखी आपुं. एकदम चोख्खुं." म्हणजे आतलं सगळं पुसून नवं भरणार, एकदम स्वच्छ. आणि त्यानं पिशवीतून फ्लॉपीचा गठ्ठा काढला.

मला सुटल्यासारखं झालं, मास्तर. रोग होता. मी नव्हते. पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती. एवढं गप्प बसले असते तर आजही कुणाला कळलं नसतं. पण त्यानं ती पहिली फ्लॉपी यंत्राच्या तोंडाशी नेली, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. अंगावर काटा आला असं लिहिणार नाही. चांगलं खणखणीत ऐकू आलं.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? माझा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. तुम्ही आमच्याच तापीकाठचे, वरच्या अंगाचे, म्हणून मला पांडेसऱ्यात तुमच्या प्रोसेस हाऊसमध्ये फ्रेमा धुवायला घेतलं होतं. छापून झालेल्या फ्रेमवर खडूवाले काका खडूनं बरोबरची खूण करायचे, खूण असेल ती मी हौदावर न्यायची, ब्लीच लावायचं, घासायचं, पाण्याचा फवारा मारायचा, जाळी पांढरी झाली की वाळत घालायची. मग तिच्यावर रसायनाचा नवा कोट चढायचा, नवं डिझाइन उठायचं. त्या दिवशी मी भलतीच फ्रेम धुतली. सहा रंगांच्या साडीची काळ्या रेघेची फ्रेम, जिच्याशिवाय बाकीच्या पाच फ्रेमा मुक्या. साडी अर्धीच छापून झालेली. आणि तिची मूळ फिल्म उंदरांनी कुरतडलेली. तुम्ही हौदावर आलात आणि सगळ्या खात्यासमोर आपल्या बोलीत ओरडलात, "डोया घर ठेईसन उनी का तू?" डोळे घरी ठेवून आलीस का, म्हणून. माझ्या हातात फवारा तसाच चालू. बाजूला कोटिंगवाला दुसरी फ्रेम संपवून हात पुढे करत होता, ही द्या म्हणून. तुम्ही त्याचा हात धरलात. "पाणी बंद कर! कोट चढवू नका तिच्यावर! कुणी हात लावू नका!"

मग तुम्ही ती फ्रेम दारात नेऊन उन्हात उभी धरली. मला जवळ बोलावलं. "देख. दिखस का?" मला आधी काहीच दिसलं नाही. ओली जाळी आणि पलीकडचं आवार. तुम्ही फ्रेम जराशी तिरकी केली, आणि जाळीत पिवळट, पुसट अशी एक वेल दिसली. पान, देठ, पुन्हा पान. धुतलेल्या फ्रेममधली सगळी वेल तिथेच होती. तुम्ही म्हणालात, "धुतलं म्हणजे गेलं नाही. जाळीत राहतं. नवा कोट चढला की मग गेलं." तुम्ही ती फ्रेम काचेच्या टेबलावर ठेवलीत, खाली दिवा, वर कोरी फिल्म, आणि माझ्या हातात सगळ्यात बारीक ब्रश दिलात. "तू धुतली, आता तूच काढ." तीन दिवस लागले. मान मोडली, डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या दिवशी साडी पुन्हा टेबलावर आली आणि छापलेली वेल जुन्या वेलीला जाऊन जुळली. कुठे जोडली ते मलाही सापडेना. त्या दिवसापासून मी धुण्यावरची ट्रेसिंगवर आले. भिंग तुम्ही तेव्हाच दिलं. कागदात गुंडाळलेलंही नव्हतं. नुसतं टेबलावर सरकवलंत आणि म्हणालात, "हरवू नको."

मी भाईचं मनगट धरलं. त्याच्या हातातली फ्लॉपी खाली पडली. मी म्हटलं, "व्हायरस नाही. मी पुसलं."

पोरगी उठून उभी राहिली. "काय?"

"सकाळी. जागा करायला. फ्रेम धुतात तशी मी धुतली सगळी." आणि हेही म्हटलं, "दुपारी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

तिनं पाठ फिरवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाईनं फ्लॉपी उचलली, झटकली. "मासी, वायरस खाय के तमे भूंसो, गयुं ते गयुं. हवे चोख्खुं करी नाखुं." रोगानं खाल्लं काय, मी पुसलं काय, गेलं ते गेलं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "एक विचारते, भाई. ह्याच्यातून एका फाइलीची फ्लॉपीवर नक्कल घ्यायला केवढा वेळ लागतो?" तो म्हणाला, मिनिट-दीड मिनिट, मोठी असली तर जास्त. मी म्हटलं, "मग एक्केचाळीस फाइली एका चुटकीत कशा धुतल्या गेल्या? मी अठरा वर्षं स्क्रीनखात्यात काढली. एक फ्रेम धुवायला अर्धा तास लागतो. जे चुटकीत होतं ते धुणं नाही. त्यानं नुसती खडूची खूण केली असणार, ही फ्रेम रिकामी समजा म्हणून." भाई हसला. "मासी, आ कांई तमारी मिलनी स्क्रीन नथी." मी म्हटलं, "नसेल. तुम्हाला नक्की माहीत आहे का, आत काही उरत नाही?" त्यानं डोकं खाजवलं. मग खरं बोलला बिचारा. "खबर नथी." मी यंत्राची पिन भिंतीतून काढली आणि म्हटलं, "मग सोमवारपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही. चहा घेऊन जा."

चहा घेऊन गेला. पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली.

इथे एक दुसरी गोष्ट लिहिते, कारण त्या संध्याकाळी तीच डोक्यात होती. नवरा गेला तेव्हा अकराव्या दिवशी घरातलं सगळं धुऊन काढलं. बायका मदतीला होत्या, गादीच्या खोळी, पडदे, भांडी. त्यात मी त्यांचा कामावरचा शर्ट धुतला. लूमच्या तेलाचा वास होता त्याला. कॉलरवरचा तेलाचा डाग राहिला, अजून आहे, पण वास गेला. तो मी किती वर्षं शोधला. म्हणजे धुतलेलं सगळंच उरत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मास्तर. त्या पिन काढलेल्या यंत्रासमोर बसून मी हेच म्हणत होते की हे शर्टासारखं नसू दे, फ्रेमसारखं असू दे.

रविवारी पाणी भरून झाल्यावर मी पोरीच्या क्लासच्या वह्या काढल्या. पाच वह्या. क्लास गुजरातीत, म्हणून वह्याही गुजरातीत, मधे मधे इंग्रजी शब्द. मला त्या वाचायला काही अडचण नव्हती. माझी पहिली अक्षरं तीच. पहिल्या पानापासून सुरुवात केली. बरंच कळलं नाही, पण न कळलेलं वाचत राहायची मला सवय आहे, अख्खी कपाटं मी तशीच वाचलीत. चौथ्या वहीत, जवळजवळ शेवटी, एक अर्धं पान होतं. खाली पोरीनं फुलं काढलेली, म्हणजे सर शिकवत होते तेव्हा हिचं लक्ष नव्हतं. वर तीन ओळी. मी त्या बोट ठेवून दोनदा वाचल्या. मग भिंग लावून तिसऱ्यांदा वाचल्या. फाइल काढली तरी आतला मजकूर तसाच राहतो. फक्त यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर पुसलं जातं आणि जागा रिकामी धरली जाते. वर दुसरं काही लिहिलं नसेल तर अमुक शब्द टाइप करून परत आणता येते.

मी पोरीला हलवलं. "ऊठ. हे कुणी लिहिलंय?"

तिनं झोपेत वही घेतली. वाचली. उठून बसली. "हे... सरांनी एकदा सांगितलं होतं गं. परीक्षेला नव्हतं, म्हणून..."

"म्हणून फुलं काढलीस."

कालपासून पहिल्यांदा ती हसली. हसली आणि लगेच रडली. मी म्हटलं, "नंतर. आधी पिन लाव."

आम्ही दोघी बसलो. ती बटणांवर, मी शेजारी, मांडीवर भिंतीवरचे सगळे कागद. तिनं तो शब्द टाइप केला. काळ्या पडद्यावर नावं उमटायला लागली. मास्तर, एकेक नाव येत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. जाळीतल्या वेलीसारखी पुसट, पण होती. यंत्र एकेका नावाशी थांबायचं आणि विचारायचं, हिचं पहिलं अक्षर काय? पोरगी म्हणाली, "कुठलंही टाकलं तरी चालतं." मी म्हटलं, "चालत असेल. आपण खरंच टाकू." मी कागदाच्या कोपऱ्यातलं पेन्सिलीचं नाव बघून अक्षर सांगायचे, ती दाबायची, आणि खाली ओळ यायची की फाइल परत आली. अशी पाच आली, दहा आली. पोरगी प्रत्येकीला "हां!" म्हणत होती, क्रिकेट बघितल्यासारखी. विसाव्याला शेजारीण दारात येऊन उभी राहिली, "काय गं, लॉटरी लागली का?" पोरगी म्हणाली, "मावशी, बसा, अजून एकवीस बाकी आहेत!" शेजारीण खरंच बसली. तिला काही कळत नव्हतं, पण तीही "हां!" म्हणायला लागली.

एका नावाशी यंत्र अडलं. ही आणता येणार नाही, म्हणालं, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं आहे. पोरगी म्हणाली, "दुसरं काय? मी तर काहीच..." मग तिनं खणाबाहेरची यादी बघितली आणि तिला माझी फाइल दिसली. उघडली. 'आई ने जागा केली'. चार शब्दांचा कोट मी स्वतः चढवला होता. पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण घाबरली.

चाळीस आली, मास्तर. एक्केचाळिसातली चाळीस. पोरीनं पहिली उघडून बघितली, खरंच आहे की नुसतं नाव आहे ते. त्या यंत्रावर चित्र एकदम येत नाही, वरून खाली एकेक ओळ उतरतं. आधी काठ आला, मग बुट्ट्या, मग पदराचा मोर, शेंदरी, पिस्ता, निळा, सगळे रंग जागच्या जागी. मी भिंग लावून बघितलं. एक ठिपका हललेला नव्हता. चार वाजेपर्यंत सगळी फ्लॉपीवर उतरवली. गेलेलं एक डिझाइन पोरीनं कागदावरून बघून पुन्हा काढलं, अंधार पडायच्या आत. म्हणते, आधीपेक्षा बरं झालं. मला तरी तसं वाटलं नाही, पण मी बोलले नाही.

आज सोमवारी सकाळी नऊला भाई आला, पिशवी घेऊन, चोख्खुं करायला. पोरीनं यंत्र चालू करून मोर दाखवला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मासी, केवी रीते कर्युं?" मी म्हटलं, "जाळी उजेडात धरली." त्याला काय कळणार. पोरीनं त्याला वहीतलं पान दाखवलं तर त्यानं खिशातलं एक पेन काढून ते उतरवून घेतलं, आणि म्हणाला, "मने पण बराबर शिखवाडो ने, मासी. मारा घणा घराकोने काम लागशे." मलाही नीट शिकवा, गिऱ्हाइकांना उपयोगी पडेल, म्हणे. मास्तर, मी टेबलाशी उभी होते आणि तो स्टुलावर बसून लिहून घेत होता. मला त्या वेळी तुम्ही दारात उभे असायला हवे होतात.

शेठनं बावीस डिझाइनं ठेवून घेतली आणि पोरीला पुढच्या हंगामाच्या सहा नव्यांचं काम दिलं, घरी बसून करायचं. तिनं मार्केटातूनच दिरांकडे फोन केला. काय बोलली ते सांगत नाही, पण येताना पेढे आणले. पाकीट फोडून पहिला पेढा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, तू भाईसमोर खरं बोलली नसतीस ना, तर सगळं चोख्खुं झालं असतं." मी पेढा खाल्ला. आता दुपारी ती झोपली आणि मी हा कागद घेऊन बसले.

कारण ती म्हणाली ते खरं आहे, आणि त्यामुळेच एक गोष्ट आता गप्प बसू देत नाही. तुम्ही त्या दिवशी हौदावर मला विचारलं होतं, "खूण होती का तिच्यावर?" आणि मी म्हटलं होतं, "होती." खडू पाण्यानं धुऊन गेला होता, कुणाला काही तपासता येणार नव्हतं. तुम्ही खडूवाल्या काकांकडे वळलात. ते म्हणाले, "मास्तर, मी नाही केली." तुम्ही मानलं नाही. त्यांच्या खिशातला खडू काढून घेतलात, आणि पुढे महिन्याभरानं तो खडू, म्हणजे खुणा करायचं कामही, मला दिलात. काका दोन वर्षांनी निवृत्त होईपर्यंत वाळवणाच्या शेडमध्ये राहिले. ते मला कधी काही बोलले नाहीत. अजून लग्नाकार्यात भेटतात, "कशी आहेस, बाई" म्हणतात. खूण नव्हती, मास्तर. तुम्ही नंबर सांगून एक फ्रेम धुवायला सांगितली होती. मला नंबर वाचता येत नव्हता आणि ते सांगायची लाज वाटली, म्हणून हाताला लागली ती उचलली. अक्षरांच्या मागे मी त्यानंतरच लागले.

हा कागद कुठे पाठवणार? घडी करून भिंगाच्या डबीत ठेवते. काका अजून आहेत, गोडादऱ्याला मुलाकडे असतात, त्यांना ऐकू कमी येतं पण येतं.

डबी उघडून एवढंच खाली लिहिते: दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, भाकरी केल्या, चार पेढे कागदात बांधले आणि शटल रिक्षानं गोडादऱ्याला गेले.